सिमेंटच्या जागी टायर

चंद्रपूर जिल्ह्यात पहाडावर वसलेल्या जिवतीला लागणारे सिमेंट लांबून येत नाही. माणिकगड पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूरला कारखाना आहे. कोरपना तालुक्यातच आवारपूर, उपरवाही आणि नारंडा ही आणखी तीन ठिकाणे, आणि वर्धा नदीपलीकडे घुग्घुस. कापसाच्या शेतांमागे भट्टीचे उंच मनोरे दिसू लागले की आपण या पट्ट्यात शिरलो असे समजावे. कारखान्यांची ही गर्दी होण्याचे कारण जमिनीखाली आहे. डायनोसॉर अवतरण्याच्या कितीतरी आधी समुद्राच्या तळाशी साचलेला पैनगंगा समूहाचा चुनखडक इथे पायाखाली आहे आणि वणी, घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा शेजारी आहे. भट्टीला याहून जास्त काय हवे?

पहाडावरची घरे मात्र आतापर्यंत सिमेंटवाचून उभी होती. कोलामांच्या गुड्यांत, म्हणजे वाड्यांत, बांबूच्या नाहीतर तुराट्यांच्या कुडाला आतून-बाहेरून माती-शेणाचा लेप, वर कवेलू. आता घरकुलांनी हे चित्र बदलते आहे. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती मानल्या जातात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत अशा जमातींच्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. एवढ्या पैशात विटा, लोखंड, पत्रे, मजुरी आणि पहाड चढवण्याचे भाडे बसवायचे, म्हणजे सिमेंटच्या प्रत्येक पिशवीचा हिशोब होणारच. सिमेंटमध्ये थोडे दुसरे काही मिसळता येईल का, हा प्रश्न प्रयोगशाळेत पर्यावरणाच्या काळजीतून निघतो आणि गुड्यात पैशाच्या. प्रश्न एकच आहे.

त्याचे एक उत्तर गेली तीसेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले जात आहे: जुन्या टायरची पूड. टायर फुकटात जमतो, कुजत नाही, टाकायला जागा नाही. मग सिमेंटच्या मालात का घालू नये? ऐकायला इतके सोयीचे वाटते की इथेच थोडे थांबून, सिमेंट मुळात काय काम करते ते पाहून घेतले पाहिजे.

चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो तापवला की १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोळशाचा नव्हे, दगडातला आहे. भट्टी उद्या सूर्यप्रकाशावर चालवली तरी तो निघणारच. पुढे १,४५० अंश सेल्सियसच्या आसपास हा चुना मातीतल्या सिलिका-अॅल्युमिनाशी जुळून काळपट गोळे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. एक टन क्लिंकरमागे दगडातून आणि इंधनातून मिळून सुमारे ८०० ते ८५० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की झाले सिमेंट. त्यात पाणी पडले की दोन गोष्टी जन्मतात. एक, कॅल्शियम आणि सिलिका यांचा चिवट जेल, जो रेतीच्या कणांना धरून ठेवतो. सगळी ताकद त्याची. दुसरी, विरी चुन्यासारखाच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जो ताकदीत फारशी भर घालत नाही.

दुसऱ्या गोष्टीतच बदलीची संधी दडलेली आहे. या फुकट पडलेल्या चुन्याला कोणी बारीक, काचेसारखी सिलिका आणून दिली, तर त्यातून पुन्हा तोच चिवट जेल बनतो. आपले जुने गवंडी चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालत ते याचसाठी. इटलीत पोझुओलीच्या ज्वालामुखी राखेने रोमन लोकांची बंदरे उभी केली. आणि चंद्रपुरात अशीच राख रोज पडते. दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे आणि आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते. धुरांड्याआधी विजेच्या सापळ्यात पकडलेली ही उडती राख पोझुओलीच्या राखेची सख्खी बहीण निघाली. उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये १९६० च्या आसपासच सिमेंटऐवजी सुमारे १५ टक्के राख वापरली गेली होती. आज पोझोलाना सिमेंटच्या भारतीय मानकात १५ ते ३५ टक्के राख चालते.

म्हणजे गडचांदूरहून पहाडावर चढणाऱ्या पिशवीवर ‘पीपीसी’, म्हणजे पोझोलाना सिमेंट, असे छापलेले असेल, आणि बहुधा असतेच, तर त्या पिशवीत एक बदली आधीच होऊन गेलेली आहे. ५० किलोंत पंधरा-सतरा किलोंपर्यंत राख असू शकते. टायरची पूड घालणाऱ्याने हे विसरू नये. राखेला काम करायला क्लिंकरचा चुना लागतो. क्लिंकर आणखी पातळ केले की राखही उपाशी राहते.

आता टायरकडे.

रबराच्या झाडाचा चीक उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतो. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडले की गंधकाबरोबर तापवलेले रबर दोन्ही ऋतूंत सारखेच वागते. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी कायमचे बांधून टाकतो. टायर टिकतो तो या गाठींमुळे, आणि टाकून दिल्यावर सरत नाही तोही त्यांच्यामुळेच. प्लास्टिकची बादली वितळवून दुसरी करता येते. टायर वितळत नाही, थेट जळतो. शिवाय तो एकट्या रबराचा नसतो. जवळजवळ निम्मे वजन रबराचे, वीस-पंचवीस टक्के काजळी, मग पोलादी तारा, धागे, गंधक आणि झिंक ऑक्साइड.

गावाने टायरला फार आधीपासून कामाला लावलेले आहे. लाकडी चाकांची बंडी गेली आणि टायरची बंडी आली. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर टायर असतो. विहिरीवर टायरची बादली असते, पायात टायरची चप्पल. उरलेला टायर पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पावसाचे पाणी धरून बसतो आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला त्याहून आवडती जागा नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून जुन्या टायरची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली. तेव्हापासून टायर दळणाऱ्याला, त्याचे तेल किंवा काजळी काढणाऱ्याला कागदोपत्री तरी भाव आला. तारा आणि धागे काढून दळलेली पूड बाजारात मिळते आणि तिला पक्के गिऱ्हाईक आहे: डांबर. रबर मिसळलेल्या डांबराला भारतीय मानक आहे आणि महामार्गांवर ते पडते. गरम डांबरात रबर फुगते, त्यातल्या तेलांशी मिसळते आणि रस्ता उन्हात कमी पाझरतो. तिथे त्या दोघांची जात जुळते.

सिमेंटशी तशी जुळते का, ते वजनापासून पाहू. सिमेंटची घनता ३.१५ च्या आसपास, रबराची १.१ ते १.१५. पन्नास किलोंच्या पिशवीतून १० टक्के, म्हणजे ५ किलो सिमेंट काढले तर जेमतेम १.६ लिटर जागा रिकामी होते. त्या जागी ५ किलो रबर घालायचे तर ४.४ लिटर जागा लागते. वजनाने बरोबरी केली की आकारमानाने पावणेतीनपट भरणा होतो. माल फुगतो, हवा धरून ठेवतो, पाणी जास्त मागतो. आणि मिस्त्रीने थापीने ठोकले की हलके कण वर तरंगू पाहतात.

मग आकार. सिमेंटचा कण तपासायला ९० मायक्रॉनची चाळणी वापरतात आणि बहुतेक कण तिच्या कितीतरी खाली, १५-२० मायक्रॉनचे असतात. बाजारातली बारीक समजली जाणारी ३० मेशची रबरपूड ६०० मायक्रॉनपर्यंत असते. ही रेतीची मापे झाली. रबर आणखी बारीक दळायचे तर ते आधी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठिसूळ करावे लागते. तो खर्च करून जे वाचवायचे ते सिमेंट, ज्याची अख्खी पिशवी काही शे रुपयांत मिळते.

आणि शेवटची, सगळ्यात मोठी अडचण. रबर चुन्याशी काहीच करत नाही. राख रुजू होते तेव्हा सिमेंटचे काम हातात घेते. रबराचे नाव हजेरीपटावर चढते आणि काम उरलेल्यांवर पडते. वरून रबराला पाणी नकोसे असते आणि त्याच्या अंगावर झिंक स्टिअरेटसारखे साबणी थर असतात, म्हणून भोवतीचा जेल त्याला नीट धरत नाही. मालाचा ताठपणा रबराच्या हजारो पट असल्याने दाब आला की रबराचा कण वाटेतून बाजूला होतो. भार वाहण्याच्या दृष्टीने तिथे भोक आहे असेच धरावे.

१९९३ मध्ये अमेरिकेत नील एल्डिन आणि अहमद सेनौसी यांनी काँक्रीटमधली खडी पूर्ण काढून तिथे टायरचे तुकडे घातले, तर दाब सहन करण्याची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत घटली. बारीक रेतीच्या जागी पूड घातली तेव्हा ६५ टक्क्यांपर्यंत. त्याच प्रयोगांत एक चांगली बाजूही दिसली: असे काँक्रीट काचेसारखे तडकून कोसळत नाही, चिरडले तरी एकत्र राहते. १९९९ मध्ये खतीब आणि बायोमी यांनी रबराचे प्रमाण खडी-रेतीच्या एकूण आकारमानाच्या २० टक्क्यांवर नेऊ नये असे सुचवले. २००० मध्ये ब्राझीलमधल्या सेग्रे आणि जोएकेस यांनी रबर आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतले आणि सिमेंटशी त्याची पकड सुधारली. उपाय खरा आहे. पण गुड्यात कॉस्टिकचे पाणी कुठे ओतायचे, हे त्या निबंधात असण्याचे कारण नाही.

कधी कधी ‘टायरच्या राखेने ताकद वाढली’ असे निष्कर्ष वाचायला मिळतात. २००४ मध्ये जॉर्डनच्या अल-अखरस आणि स्मादी यांनी टायर जाळून उरलेली राख रेतीच्या जागी १० टक्क्यांपर्यंत घातली, आणि ताकद वाढलीही. पण ती राख. तिच्यात रबर उरलेले नव्हते. राख आणि पूड यांना एका यादीत बसवले की गोंधळ होतो. आणि टायरमधून राख निघते ती वजनाच्या काही टक्केच. तेवढ्यासाठी उघड्यावर टायर जाळण्याचा मोह कोणाला होऊ नये. चंद्रपूर २००९ मध्येच देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत वर होते.

तरीही रबर निदान गिलाव्यात वापरण्याच्या बाजूने एक रास्त मुद्दा मांडता येतो. गिलाव्याला छप्पर तोलायचे नसते. एकास चारच्या, म्हणजे एक माप सिमेंट आणि चार मापे रेतीच्या, मालाकडून मानक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७५ किलोंची अपेक्षा धरते, एकास सहाकडून ३० किलोंची, आणि एकास सहाचा गिलावा भिंतीवर सुखाने राहतो. मग रबराने तिसरा हिस्सा ताकद खाल्ली तर बिघडले कुठे?

बिघडले नाही. पण मग हिशोब पूर्ण करू. १०० चौरस मीटर भिंतीला १२ मिलिमीटर जाडीचा एकास चारचा गिलावा करायला साधारण ९ पिशव्या लागतात. दहा टक्के सिमेंटऐवजी रबर घातले तर ४५ किलो, म्हणजे पाऊण-एक पिशवी वाचते. पिशवी पीपीसीची असेल तर सुमारे २५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचला; अकरा लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो तेवढा. आता रबर बाजूला ठेवा आणि मिस्त्रीला सांगा, सिमेंटच्या दर घमेल्यामागे चार घमेली रेतीऐवजी साडेचार टाक. तेवढेच सिमेंट वाचते. सहा टाकलीत तर अडीच पिशव्यांहून जास्त. रबर नाही, दळण नाही, कॉस्टिक नाही, पहाडावर पूड चढवण्याचे भाडे नाही.

या विषयावरच्या अनेक प्रयोगांकडे पाहताना मला हीच तुलना चुकल्यासारखी वाटते. रबर घातलेल्या मालाची तुलना पूर्ण सिमेंटच्या मालाशी होते आणि ‘ताकद फक्त इतकीच कमी झाली’ असे समाधान मिळते. वास्तविक त्याची तुलना व्हायला हवी तेवढेच सिमेंट कमी करून जागा साध्या रेतीने भरलेल्या मालाशी. तिथे जे रबर टिकेल, त्याने काहीतरी कमावले म्हणता येईल.

आणि काही बाबतीत ते टिकते. गिलाव्याचा खरा शत्रू भेगा आहेत, ताकदीची कमतरता नव्हे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत पाणी मारायला पाणीच नसले की ताजा गिलावा सुकत सुकत ताणला जातो आणि चिरतो. फ्रान्समध्ये तुलूझ इथे अनाक्लेत तुरात्सिन्झे आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास दाखवले की रबर घातलेला माल आकसतो थोडा जास्तच, पण तो तडकण्याआधी बराच ताण सोसतो. जखडून ठेवलेल्या थरात भेग उशिरा येते. गुण खरा आहे. मात्र त्यांनी रबर घातले ते रेतीच्या जागी, सिमेंट पूर्ण ठेवून. शिवाय भेगांवर मिस्त्रीकडे जुना इलाज आहेच: मालात विरी चुना मिसळायचा. चुन्याचा माल थापीवर लोण्यासारखा चालतो आणि बारीक चिरा बऱ्याच अंशी स्वतःच बुजवतो.

दुसरा दावा उष्णतेचा. रबरातून उष्णता कमी जाते, म्हणून रबराचा गिलावा घर थंड ठेवतो, असे सांगतात. पहिले वाक्य बरोबर, दुसरे अर्धवट. नऊ इंची विटेच्या भिंतीवरचा १२ मिलिमीटरचा थर म्हणजे भिंतीच्या जाडीचा विसावा भाग. त्या थराने उष्णता अडवण्याची क्षमता दीडपट वाढवली तरी घरात बसलेल्याला ते कळणार नाही. घरकुलात ऊन येते ते डोक्यावरच्या पत्र्यातून. कुडाचे कवेलूचे घर त्या बाबतीत पुष्कळ शहाणे होते. गच्चीवर दोन-तीन इंचांचा रबरी थर किंवा लाद्या टाकल्या तर गोष्ट वेगळी. तिथे जाडी मिळते.

मग सिमेंट खरेच वाचवणारा टायर कुठे आहे? भट्टीत. हे ऐकून पर्यावरणप्रेमी वाचकाला बरे वाटणार नाही, पण आकडे पाहू. टायरच्या एका किलोत ३२ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते, आपल्या राखाळ कोळशाच्या जवळजवळ दुप्पट. वर गिलाव्यात घातलेले ते ४५ किलो रबर भट्टीत टाकले तर ८० किलोंच्या वर कोळसा वाचतो. टायरमधल्या पोलादी तारा वेगळ्या कराव्या लागत नाहीत, कारण क्लिंकरला लोह लागतेच. गंधक चुन्याशी बांधला जातो. बाहेर काही टाकायचे उरत नाही. १,४५० अंशांची भट्टी, ज्योत त्याहूनही गरम, वायू आत काही सेकंद टिकतो. पंक्चरच्या दुकानामागे पेटवलेल्या टायरचा काळा धूर आणि हे जळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अट एवढीच की भट्टीचे नियंत्रण आणि धुरांड्यावरचे मोजमाप प्रामाणिक हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा सहज्वलनासाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ज्या गावांवर त्या धुरांड्यांची सावली पडते, त्यांनी ती मोजमापे मागितली तर ते रास्तच आहे. दगडातला ४४ टक्के वायू मात्र टायर जाळूनही कमी होत नाही. तो कमी करते ती राखच.

एवढे सांगूनही कोणाला करून पाहायचेच असेल, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा घरकुलाच्या हौशी अभियंत्याला, तर प्रयोग महाग नाही. मालाचा प्रमाण ठोकळा ७०.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याची एक बाजू पन्नास चौरस सेंटिमीटर भरते. मानकाच्या चाचणीत पीपीसीचा असा ठोकळा २८ दिवसांनी साडेसोळा टनांहून जास्त भार घेतो. तळहाताएवढाही नसलेला तुकडा. ठोकळ्यांचे तीन गट करावेत. पहिला नेहमीच्या मालाचा. दुसऱ्यात दहा टक्के सिमेंटच्या जागी रबर. तिसऱ्यात तेवढेच सिमेंट कमी आणि त्या जागी साधी रेती. पाण्याचे माप तिन्हींत थापीला सारखे वाटेल असे. टायरचा भुगा म्हणून मिळेल ते रबर न घेता तारा काढलेले आणि चाळलेले घ्यावे. तार राहिली तर गिलाव्यावर गंजाचे डाग येतात. रबरातल्या झिंकमुळे माल उशिरा घट्ट होऊ शकतो, म्हणून साचे दुसऱ्या दिवशी उघडण्याची घाई करू नये. ठोकळे फोडून झाले की थोडा माल भिंतीवर लावून उन्हाळाभर भेगा मोजाव्यात.

आणि टायर वापरायचाच असेल तर सिमेंटला हात न लावता रेतीतला दहावा-पंधरावा हिस्सा मापाने काढून तिथे पूड घालावी. पिठाच्या चक्कीचे जोते, जिथे यंत्राचे हादरे जिरायला हवेत. गोठ्यातली फरशी, जिच्यावर बैलाचे खूर दिवसभर आपटतात. अंगणातल्या फरशीच्या लाद्या. या ठिकाणी ताकद जास्तीची असते आणि चिवटपणा कमी पडतो. ओला माल जास्त ठोकू नये, नाहीतर पूड वर येते. आणि तुळई, खांब, स्लॅब यांच्या जवळ पुडीची पिशवी ठेवूसुद्धा नये. मजूर घाईत असला की जवळचे घमेले उचलतो.